काच कोणत्या दिशेने पुसली

नरसिंगराव आणि पद्माक्का, ही दोन नावं आधी लिहितो. ही दोघं नसती तर मी पहिल्याच वर्षी कुंभकोणहून मिरजेची गाडी धरली असती. पाचवीतून शाळा सुटलेला माणूस मी, लिहिण्याची सवय नाही, मुद्द्याचं राहून जाईल अशी धास्ती वाटते... म्हणून नावं आधी. त्या दिवसाला आता महिना होत आला. मी दुकानात एका तसबिरीला काच बसवत होतो. मालक आत आले, नेहमीसारखे ओरडले नाहीत. तमिळमध्ये हळूच म्हणाले, "गणपत, हातातली काच खाली ठेव." मी ठेवली. मग म्हणाले, "तुझे सर गेले. पापनाशमहून येताना, गाडीत, बसल्या जागी."

सर म्हणजे नरसिंगराव. इथल्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. त्यांचे पूर्वज मराठा राजांच्या काळात या मुलखात आले आणि इथलेच झाले. आमचं दुकान आरशांचं आणि देवांच्या तसबिरींचं. एकदा ते काचेच्या चार पट्ट्या घेऊन आले आणि मालकांना म्हणाले, यांच्यावर चांदी चढवून द्या, पण इतकी पातळ की आरपार दिसलं पाहिजे. मालक हसले. मी मागे बसून मराठीत पुटपुटलो, "आरसाच तो, त्यात तोंड तरी दिसेल का?" कोणाला कळणार, या भरवशावर! सर वळले आणि म्हणाले, "तोंड न दिसेना कां बापा, पलीकडचें दिसो म्हणजे जालें." ती मराठी ऐकून मला हसू आलं आणि रडूही. आठ महिन्यांत घरची भाषा कानावर पडली नव्हती. त्याच दिवशी ते मला घरी घेऊन गेले. पद्माक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, दारातच विचारलं, "जेवलास कीं?" मी हो म्हणालो. "खोटें बोलतोस कीं रे, तोंड पाहा कैसें वाळलें आहे," म्हणून त्यांनी पान मांडलं.

मग दर रविवारी मी कॉलेजातल्या सरांच्या खोलीत जाऊ लागलो. चांदी चढवलेल्या दोन काचांमध्ये ते एक पिवळट पूड ठेवायचे आणि खालून तापवायचे. पूड वितळून निवळशंख व्हायला हवी, पण ती आधी गढूळ व्हायची. पातळ तर खरी, पण आत स्फटिकासारखी शिस्त असलेली. पुस्तकात त्याला द्रवस्फटिक म्हणतात. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं की उजेडाचा सपाट पिवळा तुकडा दिसे. सर काचांवरच्या चांदीला जोडलेल्या बॅटरीची कळ दाबत, आणि उजेड काळा पडे. कळ सोडली की परत येई. मी घाबरून विचारलं, "जळलं का?" सर म्हणाले, "अय्यो, जळेल कैसें? तिरुनागेश्वरच्या देवळांत दुपारीं माणसें मंडपांत निजतात, अस्कीं एकाच दिशेला पाय करून. घंटा जाली कीं उभीं राहतात. आंतले कण तैसेच. वीज ही त्यांची घंटा. निजले तर उजेड येतो, उभे राहिले तर अडतो." अस्कीं म्हणजे सगळी, हे मला पद्माक्कांच्या स्वयंपाकघरात कळलं होतं.

पुढे मद्रासहून एक मोठे परीक्षक हे काम पाहायला आले. त्यांना पटलं तर सरांना ती खोली पुढच्या वर्षीही राहणार होती, त्यांचा प्रबंधही पुढे जाणार होता. सर त्यांना आणायला स्टेशनवर गेले. काचा त्यांनी पुसून ठेवल्या होत्या. मला वाटलं, आपणही काही करावं. मी त्या पुन्हा पुसल्या, आमच्या धंद्यात पुसतात तशा, गोल गोल, एक रेघ राहू नये म्हणून. आरशासारख्या लखलखीत केल्या... सरांनी येऊन त्यांत पूड भरली, परीक्षकांनी डोळा लावला, तर आत नुसती ठिगळं. कुठे काळं, कुठे पिवळं. कळ दाबली, सोडली, कशाला कशाचा मेळ नाही. "पूड अशुद्ध, काम ढिसाळ," असं ते माझ्यासमोरच बोलले. सर मान खाली घालून उभे होते.

तीन महिने सर काचा बाजूला ठेवून नुसती पूड शुद्ध करत राहिले. मी गप्प. मला ठाऊक होतं की त्या दिवशी वेगळं झालं ते माझं पुसणं, एवढंच. पण सांगितलं तर ती खोली तुटेल, ते घर तुटेल, पद्माक्कांचं "जेवलास कीं" तुटेल. शेवटी एका रविवारी त्यांना पुन्हा पूड गाळताना पाहिलं आणि राहवलं नाही. म्हणालो, "सर, काचा मी पुसल्या होत्या. गोल."

सरांनी हातातलं गाळणं खाली ठेवलं. मग त्यांनी एक काच उचलली आणि स्वतः पुसून पाहिली. कपाळावर गंध ओढतात तशी, खालून वर, एका ओढीत. त्यांचा हात सवयीने तसाच चाले, त्यांनी स्वतःही कधी पाहिलं नव्हतं. "निजायची दिशा यांना काच सांगते," ते हळूच म्हणाले. "आणि काचेस तूं सांगतोस. गणपत, पूड चांगली होती रे!" आणि हसू लागले. रागाचा एक शब्द नाही. त्या दिवशी आम्ही अंधार पडेपर्यंत काचा पुसल्या, आणि प्रत्येक वेळी उजेड गेला तिथेच परत आला.

परवा पद्माक्कांनी मला एक कागद दिला. सरांनी परीक्षकांना लिहिलेल्या पत्राची नक्कल होती ती, इंग्रजीत. शेजारच्या शिक्षकांकडून वाचून घेतली. 'काच पुसण्यात माझ्या हातून चूक झाली, कृपया पुन्हा यावे.' माझ्या हातून! मी पद्माक्कांकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "मीं विचारलें, खरें कां नाहीं लिहीत? तर म्हणाले, त्या पोरास मग खोलींत कोण येऊं देईल?"

सर नसले तरी त्या पत्रावरून परीक्षक पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहेत. काचा लावायला कॉलेजने मलाच बोलावलंय, दुसऱ्या कोणाला ते जमत नाही. काल खोली उघडली. सरांची जुनी सवय होती, उजेड परत आला की ते स्वतःशीच "हां" म्हणत. काल कळ सोडल्यावर उजेड आला, आणि मी थोडा वेळ तसाच थांबलो...

परीक्षकांशी मला इंग्रजीत बोलता येणार नाही, तमिळही मोडकी आहे. तरी त्यांनी डोळा लावण्याआधी मी सांगणार आहे की त्या दिवशी काचा मी पुसल्या होत्या, नरसिंगरावांनी नव्हे. सर, तुमचं हे एक ऋण मी फेडीन.