भिंतीला बांधलेला पाय

रुग्णाच्या जिवापुढे बाकी सर्व गौण आहे, असं परळच्या त्या धर्मादाय इस्पितळाच्या दारावर संगमरवरात कोरलं होतं. खाली देणगीदारांची नावं होती, ती जरा मोठ्या अक्षरात. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत मी दादरच्या एका शाळेत शिकवत होते आणि शाळा सुटली की मामाचा डबा घेऊन त्या पाटीखालून आत जात होते.

मामाचं मांडीचं हाड मोडलं होतं. बाहेर मोर्चे आणि लाठ्या चालू असल्यामुळे भेटायला येणारे त्याचा पाय चळवळीत मोडला असं धरून चालत. खरं तर तो गिरणीच्या तेलकट जिन्यावरून घसरला होता. खुलासा करायचं मामाने पुढे ढकललं होतं. पायाला दोरी बांधलेली, दोरी भिंतीत बसवलेल्या कप्पीवरून गेलेली आणि टोकाला पाय ओढून धरायला वाळूची पिशवी. हाड जुळण्याआधी हललात तर पाय वाकडा जुळेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वाकड्या पायाने गिरणीत साच्यासमोर, म्हणजे मागासमोर, पाळीभर उभं राहता येत नाही, हे मामाला कोणी सांगायला नको होतं.

एका दुपारी भूकंपाचा धक्का बसला. लहानसाच. वॉर्डातले ज्यांना पळता येत होतं ते पळाले. त्यांत कालपर्यंत उठवत नाही म्हणणारेही होते. मामा एकटा पडून राहिला. त्याच्या उशाशेजारच्या खिडकीपासून कप्पीपर्यंत भिंतीला तडा गेला.

पाहणीला सरकारी इंजिनियर आले. त्यांनी तडा पाहिला, मग पिशवीकडे पाहून थबकले.

"ही हलली होती का?"

"हलली म्हणजे? झोपाळो झालो हुतो."

"कुठल्या दिशेला?"

"आधी लालबागच्या अंगाक, मगे दादरच्या."

"दक्षिणोत्तर," इंजिनियर म्हणाले आणि त्यांनी ते लिहून घेतलं. मामा नंतर आठवडाभर सगळ्यांना सांगत होता की सरकारने त्याचं मत विचारलं.

हुकूम निघाला: दिवाळीपर्यंत भिंत लोखंडी पट्ट्यांनी बांधून घ्या, नाहीतर वॉर्ड रिकामा करा. तडा वाढतोय का ते कळावं म्हणून इंजिनियरांनी त्यावर आडवी काच सिमेंटने बसवली. भिंत सरकली तर काच तडकणार. प्रयोगशाळेतली, रक्त तपासायची काच होती ती. मला या गोष्टीचं फार कुतूहल वाटलं. डबा ठेवला की मी आधी काच पाहायचे, मग मामाला.

"गो, मी हयसर आसंय," तो म्हणायचा.

दिवाळी आली. विश्वस्त म्हणाले, मुंबई कुठल्या राज्यात जाणार ते ठरल्याशिवाय खर्चाचा अर्ज करायचा कोणाकडे? प्रश्न बिनतोड होता. होळीपर्यंत मुदत वाढली. मामाचं हाडही जुळत नव्हतं. डॉक्टरांनीही मुदत वाढवली. मामाला मात्र भिंतीची मुदत आधी संपेल याची धास्ती होती. माणूस पडक्या भिंतीखाली झोपून ती तशीच राहू दे म्हणतो, हे मी प्रथमच पाहत होते.

होळीच्या सुमारास इंजिनियर पुन्हा आले. काचेवर एक नीटस पांढरी चिकटपट्टी होती.

"हे काय?"

"मधोमध तडकली होती," वॉर्डच्या सिस्टर म्हणाल्या. "तुकडे हलू नयेत म्हणून बांधली."

"अहो सिस्टर, तडकली की मला कळवायचं होतं!"

"इथे काही मोडलं की आम्ही आधी बांधतो. पट्टी रोज बदलते मी."

इंजिनियर खाटेच्या कडेवर टेकले. वॉर्ड आजच रिकामा करायचा, असं त्यांनी सांगितलं. मामाने माझा हात धरला. डॉक्टर धावत आले. दोरी सोडली तर पाय गेला, म्हणाले. आणि खाट दुसऱ्या भिंतीला न्यायची तर कप्पी इथेच आहे.

"म्हणजे पेशंटला या भिंतीलाच बांधलंय?"

"हो."

"याच?"

बाकीच्या खाटा हलवल्या. मामासाठी भिंतीला दोन लाकडी टेकू लागले आणि ओढ दिलेला रुग्ण हलवता येत नाही या कारणास्तव मुदत वाढली. काही आठवड्यांनी हाड जुळलं, बोटभर आखूड पण सरळ. मामा साच्यावर परत गेला. त्याने खाट सोडली त्याच दुपारी तिच्यावर दुसरा मोडका पाय चढवला गेला. मुदत वाढवायचं हे कारण विश्वस्तांना पटलं होतं.

राज्य झालं त्या संध्याकाळी मामा मला घेऊन रोषणाई बघायला निघाला. इस्पितळ तीन बाजूंनी झगमगत होतं, संगमरवराभोवती तर दिव्यांची दुहेरी माळ. चौथी बाजू काळोखात.

"माझ्या भिंतीन काय घोडा मारल्यान?" मामाने पहारेकऱ्याला विचारलं.

"इंजिनियरसाहेबांनी मनाई केलीय. दिव्यांचं वजन पेलायचं नाही."

त्या भिंतीतल्या खिडकीतून, आतल्या दिव्यात, वाळूची पिशवी लटकताना दिसत होती.