जीपचा आखूड दांडा

पेट्रोल आणि ओल्या काळ्या मातीचा वास एकत्र आला, की मला परतवाड्याजवळचा तो नाला आठवतो. साठ-एकसष्ट साल असेल. मी दवाखान्याच्या जीपवर नवाच ड्रायव्हर लागलो होतो. मागे अडलेली बाळंतीण कण्हत होती, आणि माझ्यावर भरवसा नाही म्हणून डॉक्टर स्वतःच जीप चालवत होते. नाल्यात जीप रुतली; ते ॲक्सिलरेटर दाबत गेले, तसतशी मागची चाकं जागीच फिरून आणखी खोल गेली. मी म्हणालो, "साहेब, सरका. फसल्या बैलाले मारत नसतात जी." गिअरशेजारचा आखूड दांडा ओढून पुढची चाकंही जोडली, पहिला गिअर टाकला आणि क्लच सावकाश सोडला. चारही चाकांनी माती धरली, जीप मुंगीच्या चालीनं वर आली. डॉक्टर म्हणाले, "आता तूच चालव." तासाभरात दवाखान्यात बाळ रडलं, तेव्हा माझी छाती फुगली. परवा नातवाच्या ऑटोमॅटिक गाडीतून संत्र्याच्या बागेत गेलो. चिखल लागला, तशी गाडीनं चारही चाकं आपली आपणच जोडली. "आबा, पाहा, काइच करा लागत नाई," तो म्हणाला. मी मान डोलावली. माझा डावा पाय मात्र नसलेला क्लच सावकाश सोडत होता.