फ्यूज माझ्या खिशात होता

आधीच सांगून टाकते, मी टेस्टरवाली बाई आहे. टेस्टरचा दिवा लागला तर करंट आहे, नाही लागला तर नाही... यापलीकडे माझी श्रद्धा कधी गेली नाही. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी चहा ठेवायला उठते. या ग्रुपवर मी तीन वर्षं नुसती वाचत आलेय आणि खरं सांगायचं तर निम्म्या अनुभवांना हसलेय. त्यामुळे आता तुम्ही मला हसलात तर माझी तक्रार नाही.

मी सुषमा. नागपूरला, हुडकेश्वरला राहते. माझे बाबा कूलर मेकॅनिक होते. वर्गातल्या मुली मेंदीचे कोन धरायला शिकत होत्या तेव्हा मी बाबांजवळ बसून मोटरला तांब्याची तार गुंडाळायला शिकले. बाबांची एक पद्धत होती. कूलर सुरू केला की ते जाळीला वाळ्याची एक काडी बांधायचे. ती फडफडायला लागली की घरातल्या माणसाला समोर बसवून विचारायचे, "हवा लागून राहिली न?" समोरचा हो म्हणाला की मगच अवजारं पिशवीत जायची. हो म्हटल्याशिवाय ते कोणाच्या घरून निघाले नाहीत.

आईला त्यांनी अमरकंटक दाखवायचं कबूल केलं होतं. तिला नर्मदा जिथून निघते ती जागा बघायची होती. "सीझन संपला का जाऊ," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. उन्हाळ्यात कूलर, पावसाळ्यात पाण्याचे पंप, थंडीत गिझर. सीझन काही संपला नाही, बाबा संपले.

आता जे लिहिते ते मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, माझ्या एका गिऱ्हाइकाच्या कूलरची मोटर जळाली. घरात पंधरा दिवसांचं बाळ. गांधीबागेतल्या दुकानांत तसली मोटर दोन दिवस मिळणार नव्हती. आई उमरेडला मावशीकडे लग्नाला गेली होती. मी सकाळी दहाला बाबांकडे आले आणि त्यांच्या खोलीतल्या कूलरची मोटर मागितली. दिव्याखाली अंधार म्हणतात तसा आमच्या घरचा कूलर नेहमी सगळ्यात शेवटी लागायचा, आणि निघायचा सगळ्यात आधी. बाबांनी स्वतः स्क्रू काढून दिले. "ने वं बाई. लेकराले पाहिजे हवा, मले काय होते?" मी म्हटलं, त्यांची जळालेली मोटर वाइंड करून चार वाजेपर्यंत हीच आणून लावते. मी आले सात वाजता.

बाबा खुर्चीत बसलेले होते. मी डॉक्टरांना फोन केला. ते येईपर्यंत वीसेक मिनिटं गेली असतील, आणि त्या वीस मिनिटांत मी काय केलं माहीत आहे? मोटर परत बसवली. चारही स्क्रू आवळले, पाणी भरलं, कूलर सुरू केला. आईला तो रिकामा कूलर दिसू नये, एवढंच डोक्यात होतं. डॉक्टर म्हणाले, हार्ट होतं, कधीही झालं असतं. असेल. पण मला ते पटलं नाही, आजही पूर्ण पटत नाही.

त्यानंतर आईने त्या खोलीत कूलर लावू दिला नाही. "मले त्याचा आवाज नको," एवढंच म्हणाली. तिची दुपारची झोप गेली. बंद गाडीत तिचा जीव घाबरायला लागला, ऑटोशिवाय ती कशात बसेना. मला एका शब्दाने बोलली नाही, आणि तेच मला खात होतं. तिला कळलं असेल का? की आपणच सांगावं? रोज ठरवायचे आणि रोज भाजी निवडत गप्प बसायचे.

माझे यजमान, प्रवीण, ट्रॅव्हल्सच्या बसवर ड्रायव्हर होते. मागच्या वर्षी त्यांनी शाळेची एक जुनी मिनीबस घेतली आणि आम्ही दोघांनी मिळून तिचं घर करायला घेतलं. दोन बर्थ, एक ओटा, खाली पाण्याची टाकी. खिडकीवरचं 'हात बाहेर काढू नये' मात्र पुसलं जाईना, तसंच राहू दिलं. मी आईला म्हटलं, पहिली ट्रिप तुझी, अमरकंटक. ती म्हणाली, "अंदर हवा खेळली पाहिजे, नाही तर मी नाही येत. सांगून ठेवतो." तिच्या तोंडून ते ऐकताना मला वाटलं, ही गाडीबद्दल बोलतेय की आणखी कशाबद्दल?

म्हणून छतात पंखा. चौकोनी भोक पाडून बसवायचा, वरून धुरकट प्लास्टिकचं झाकण, आतून हाताने फिरवून ते झाकण उघडायचं. पंखा बारा व्होल्टचा, सीटखालच्या बॅटरीवर चालणारा. भोक पाडण्याआधी मी तीनदा माप घेतलं, कारण एकदा पत्रा कापला की कापला. पण बसला नीट. वरून चारी बाजूंनी सीलंट भरला, आणि तो सुकेपर्यंत हलू नये म्हणून झाकण बंद करून त्यावर पॅकिंगची चिकटपट्टी मारली.

मागच्या मे महिन्यातला मंगळवार होता. दुपारचा सव्वा वाजला असेल. गाडी आईच्या घराशेजारच्या रिकाम्या प्लॉटवर कडुनिंबाच्या सावलीत उभी होती. प्रवीण रबरी पट्टी आणायला सदरला गेले होते. लाल, काळी, दोन्ही वायरी जोडून झाल्या. राहिला होता फक्त फ्यूज. फ्यूज मी सगळ्यात शेवटी लावते, हात धुऊन, पुसून. ही बाबांची शिस्त. तो लावल्याशिवाय बॅटरीतून पंख्यापर्यंत करंट जाऊच शकत नाही.

आई पन्ह्याचा ग्लास घेऊन आली. "झालं का वं?"

"दहा मिनिटं अजून."

"तवरक टेकतो मी जराशी," म्हणून ती बर्थवर बसली. दार सताड उघडं होतं म्हणून बसली असावी. मी खाली उतरून नळावर हात धुतले, तोंडावर पाणी मारलं. परत आले तर पंखा चालू होता.

मला काहीच वाटलं नाही... हे मला आजही नवल वाटतं. जाता जाता आपणच बटण दाबलं असेल, असं मनाने परस्पर ठरवून टाकलं. आई आडवी झाली होती. धुरकट झाकणातून ऊन झिरपत होतं आणि पात्यांची सावली तिच्या पातळावरून संथ फिरत होती. हवा खाली येत होती. बाहेर लू चालली होती, पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता, आणि आत थंड, ओली हवा. वाळ्याचा वास. नवीन वाळ्यावर पहिलं पाणी पडतं तेव्हा येतो ना, अगदी तो. मी पायरीवर बसले आणि डोकं दाराला टेकवलं.

जागी होते की झोपेत, सांगता येणार नाही. कावळ्याचा आवाज लांबून आल्यासारखा वाटत होता. आवाज ऐकता ऐकता लक्षात आलं, बारा व्होल्टचा पंखा असा वाजत नाही. तो बारीक शिट्टीसारखा वाजतो. हा जाडा घुमणारा आवाज होता, आणि दर फेऱ्याला एक हलकीशी टक. आमच्या घरच्या कूलरचं एक पातं वाकलेलं होतं, लहानपणी मीच त्यावर हातोडी पाडली होती. ती टक ऐकत मी लहानाची मोठी झाले. पंख्याच्या जाळीला काहीतरी बारीकसं फडफडत होतं. उठून बघावं असं वाटलं नाही. मला भीती नव्हती वाटत. फार वर्षांनी सुट्टी लागावी तसं वाटत होतं.

आईने झोपेतच पदर गळ्यापर्यंत ओढला. मे महिन्यात, नागपुरात, दुपारी! आणि मग ती स्पष्ट म्हणाली, "हो जी... लागून राहिली."

पंखा थांबला. हळूहळू नाही, कोणी बटण बंद करावं तसा.

हे कोणत्या प्रश्नाचं उत्तर होतं ते मला विचारू नका, तुम्हालाही कळलंय. डोळे पुसायला मी कुर्त्याच्या खिशात रुमालासाठी हात घातला आणि बोटाला काहीतरी टोचलं. फ्यूज. मी तो लावलाच नव्हता. छताकडे बघितलं, झाकण बंद, त्यावरची चिकटपट्टी खालून दिसत होती. जाळीला काहीही नव्हतं.

आई तीन वाजता उठली. वर्षभरात पहिल्यांदा दुपारी झोपली होती. पन्ह्याचा ग्लास तसाच भरलेला. थोडा वेळ ती स्वतःशीच हसत बसली, मग म्हणाली, "तुझे बाबा आले होते वं. खुर्चीतच बसून होते. म्हणे, पोरीनं मोटर वापस आणली, तिले सांग, हवा लागून राहिली मले." आणि माझ्याकडे बघून, "कोन्ती मोटर वं?"

मी तिथेच खाली बसले आणि हमसून हमसून रडले. बाळ, गांधीबाग, चार वाजता, सात वाजता, ती वीस मिनिटं... सगळं सांगितलं. तिचा चेहरा बघायची माझी हिंमत नव्हती. शेवटी तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"चार म्हनून सातले येनं... हे तू त्यायच्यापासूनच शिकली." आणि मग, "त्या लेकराले हवा लागली होती न?"

"हो."

"मंग झालं तर. आता त्यायचं काम झालं."

प्रवीण आले ते दारातच थांबले. "वाळा काहून आणला गाडीत? वास येऊन राहिला." मी सांगितल्यावर त्यांनी काही विश्वास ठेवला नाही. मीटर घेऊन तासभर वायरी तपासल्या. पंख्याकडे शून्य व्होल्ट. म्हणाले, वाऱ्याने फिरला असेल. बंद झाकणातून? मग म्हणाले, तुम्हा दोघींना ऊन लागलं असेल. तेही असेल. पण वास त्यांनाही आला होता.

आणखी एक. दुसऱ्या दिवशी झाकण उघडून, फ्यूज लावून पंखा सुरू केला तर वरून भट्टीसारखी गरम हवा आत आली. मी वायरी उलट्या जोडल्या होत्या! कूलरमध्ये हवा अंगावर घ्यायची असते, तीच हाताला सवय. या पंख्याने आतली गरम हवा वर बाहेर फेकायची असते आणि सावलीतली हवा खिडकीतून येते. बॅटरीच्या वायरी उलट्या लागल्या की पंखा उलटा फिरतो. म्हणजे त्या दिवशी त्याला करंट मिळाला असता तरी त्याने आम्हाला भाजूनच काढलं असतं.

वायरी सुलट केल्या. आम्ही अमरकंटकला जाऊन आलो. आई वाटेत तीनही दुपारी पंख्याखाली घोरत होती. तो बारीक शिट्टीसारखा वाजत होता, वास कसला नाही, टक नाही. नर्मदेच्या कुंडाजवळ तिने दोनदा ओंजळ सोडली, एकदा स्वतःची आणि एकदा बाबांच्या नावाची.

त्या मंगळवारी हवा कुठून आली हे मला माहीत नाही. टेस्टर अजून माझ्या पर्समध्ये असतो आणि माझा त्याच्यावर अजून विश्वास आहे, पण त्या दुपारी तो कुठे टेकवायला हवा होता ते मला सांगता येत नाही. कोणाला काही सुचलं तर खाली लिहा, मी वाचीन.

यंदा होळी झाली तशी आईच म्हणाली, "लाव वं तो कूलर." या सीझनचा पहिला कूलर मी तिच्या खोलीत लावला. जाळीला काडी बांधली, तिला समोर बसवलं आणि विचारलं. ती हो म्हणाली, तेव्हा मी अवजारं पिशवीत भरली.