मानेमागची गाठ

अक्का कुणाही बाईच्या तोंडाकडे आधी बघत नसे. समोरून आलेल्या बाईला ती पुढे जाऊ द्यायची आणि मग वळून तिच्या मानेमागे बघायची, जिथे गळ्यातल्याची गाठ दिसते. "पुढून काय, सगळ्याच नटत्यात," असं तिचं म्हणणं. लग्न होऊन उमरग्यात आले तेव्हा माझीही तपासणी अशीच झाली. शेजारची मोठी बाई म्हणून मी पाया पडायला वाकले, तर आशीर्वाद द्यायचा सोडून हिने माझी पोत उचलून बघितली आणि म्हणाली, "कुणी गाठवली गं ही? सुतळी बांधल्यावानी बांधलीय." मला असा राग आला! पण दुसऱ्या दिवशी पोत घेऊन तिच्याच दारात गेले.

ती लोहाऱ्याचं सासर सोडून एकटी परत आली होती. भावाच्या घरात राहायचं नाही म्हणून पत्र्याच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. उंबऱ्याशी बसून, पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून, मांडीवर पीळ देत दिवसभर पोती गाठवायची. तिच्यापुढे 'पोत तुटली' म्हणायची सोय नव्हती. 'वाढली' म्हणायचं. एक सून घाईघाईत "तुटली ओ अक्का" म्हणत आत शिरली, तर तिला बाहेर काढून, पुन्हा उंबरा ओलांडून नीट बोलायला लावलं होतं.

पोती गाठवणं हे पोटापुरतं. तिचा जीव होता तो कणीसहारात. पिवळ्या दोऱ्यावर पितळेचे बारीक मणी असे गच्च बसवायची की ज्वारीचं भरलेलं कणीसच गळ्यात पडलं असं वाटावं. त्याला ना आकडा, ना फासा. मागे फक्त एक गाठ, ओढली की सरकणारी आणि सोडली की बसणारी. ती तिने स्वतः शोधली होती, आणि घालताना ती आमच्याकडे चक्क पाठ करून बसायची. मी एकदा डोकावले तर म्हणाली, "सरक तिकडं. ही गाठ म्हंजे माझा सातबारा हाय. दुसऱ्याच्या नावावर व्हायची न्हाय."

मग सगळ्यांच्या हातात मोबाईल आले आणि गल्लीतल्या पोरी तिच्या मागे लागल्या, "अक्का, हाराचे फोटो टाका की." तिने टाकले, आणि ते इतके सुरेख आले की तिलाच नाद लागला. कुणाचा तरी जुना कॅमेरा घेतला. पत्र्यावरून परतणारं ऊन खोलीत कधी मऊ पडतं हे तिला ठाऊक होतं, त्या उन्हाची ती वाट बघत बसायची. पण स्वभाव जाईल कुठे? हाराचा पुढून एक फोटो काढून तिचं समाधान होईना. काळ्या कापडावर हार पालथा घालून तिने गाठीचे फोटो काढले, अगदी जवळून, दोऱ्याचा प्रत्येक वेढा मोजता यावा असे. "बघू दे की लोकांला, हात काय असतोय ते," म्हणाली. आयुष्यभर पाठ करून घातलेली गाठ तिने आपल्या हाताने चव्हाट्यावर मांडली. वर अंगठे आले, बदाम आले, वा वा झाली.

पुढच्या लग्नसराईत हायवेवरच्या एका दुकानात कणीसहारांचे झुबकेच्या झुबके लटकले. मणी प्लॅस्टिकचे, गाठ मात्र तीच. अक्का गेली, मीही सोबत होते. तिने एक हार उलटा करून बघितला आणि विचारलं, "कुठनं आणला?"

"वरून माल येतोय, अक्का," दुकानदार म्हणाला. "तुमचा फोटो पाठवला, त्यांनी बनवून दिला. लई चाललाय बघा. फोटो मातर झकास काढता तुमी."

तो टोमणा मारत असता तर मी त्याला चार शब्द सुनावले असते. तो मनापासून कौतुक करत होता, याचाच मला आजही संताप येतो.

हार मागणाऱ्या बाया आटल्या. फोटोसाठी बोलावणी सुरू झाली. पहिलं लग्न निघालं ते नेमकं लोहाऱ्यातलं, तिच्या सासरगावचं. मीही सोबत गेले. नवरीच्या गळ्यात तोच प्लॅस्टिकचा हार. नवरीची आई म्हणाली, "अक्का, हार तेवढा नीट येऊ द्या बरं का." अक्का वाकली, नवरीच्या गळ्यातला हार आपल्या बोटांनी सरळ केला आणि फोटो काढला. येताना जीपमध्ये तीच आपणहून म्हणाली, "वाकडा ठिवला असता तर पोरीचा फोटू बिघडला असता."

आता हायवेला तिचा स्टुडिओ आहे. "अक्कानं प्रगती केली," गाव म्हणतं. शाल-नारळ देऊन सत्कारही केला. ज्यांनी तिचे हार गळ्यातून उतरवून प्लॅस्टिकचे घातले, त्याच बाया पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या.

मागच्या वर्षी तिच्या हातच्या माझ्या कणीसहाराचा दोरा गेला. मी मणी वेचून, रुमालात बांधून स्टुडिओत गेले आणि जुन्या सवयीने म्हणाले, "वाढला ओ, अक्का."

"तुटला म्हण की," ती म्हणाली. "तुटलेल्याला तुटलाच म्हणायचं."

मला वाटलं, आता दोरा काढेल. निदान मणी हातात घेतल्यावर तरी. तिने ते काळ्या कापडावर ओतले, दिव्याची मान फिरवली आणि फोटो काढला. "घे. आता ह्याला काय बी होत न्हाय."

फोटो फार देखणा आलाय. बैठकीत लावला आहे, येणारा जाणारा विचारतो. मणी डब्यात पडून आहेत. तिच्याशिवाय ते कुणाकडून ओवून घ्यायचे नाहीत, आणि ती ओवणार नाही.

परवा एका लग्नात भेटली. मी मुद्दाम तिच्याकडे पाठ करून उभी राहिले, मोकळी मान तिला दिसेल अशी. तिने खांद्याला धरून मला वळवलं, कॅमेरा डोळ्याला लावला आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "हास की जरा."