चित्राखालचं नाव

बाबा गेल्यावर त्यांच्या खोलीत तांब्याचा एकच पत्रा उरला. त्यावर एक महाराणी कोरलेली आहे आणि तिच्या कानापासून हनुवटीपर्यंत एक खोल रेघ आहे. ती रेघ बाबांनीच ओढली.

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये, मागच्या बाल्कनीत, ते सुट्टीच्या दिवशी एचिंग करत. प्रसिद्ध व्यक्तिचित्रं आरशात बघत मेण लावलेल्या पत्र्यावर सुईने उलटी उतरवायची, मग पत्रा ॲसिडमध्ये सोडायचा, की रेघा कोरल्या जात; त्यांत शाई भरून कागदावर सुलट प्रत निघे.

"वरणालासुद्धा तुमच्या राणीचा वास येतो," आई म्हणे.

"शाही वरण आहे, गुपचूप जेवा."

नोएडात तेव्हा काचेची ऑफिसं उभी राहत होती. तिथल्या एका कंपनीने प्रत्येक मजल्यासाठी या महाराणीची प्रत मागवली. बाबा हिवाळाभर राबले. जुन्या रिवाजाप्रमाणे चित्राखाली डावीकडे मूळ चित्रकाराचं नाव, उजवीकडे कोरणाऱ्याचं, म्हणजे बाबांचं. त्यांचं नाव पहिल्यांदाच कुठल्या भिंतीवर लागणार होतं. ओळखीच्या कलाशाळेच्या यंत्रावर ठरलेल्या प्रती निघाल्या आणि त्यांनी पत्र्यावर रेघ ओढली. त्यावरून आणखी प्रती काढून विकत घेणाऱ्याला फसवता येऊ नये, हाही रिवाजच. एक प्रत घरी ठेवा असं मी म्हटलं, तर म्हणाले, "तिथे जाऊन बघू की."

उद्घाटनाला बाबा आणि मी गेलो. चित्रं सोनेरी फ्रेममध्ये लागली होती. तयार फ्रेममध्ये बसवायला खालचा कागद कापून टाकला होता.

"नीचे नाम था," बाबा मॅनेजरला म्हणाले.

"वो पट्टी? फ्रेम में आ ही नहीं रही थी, अंकल. पर फोटो बिल्कुल क्लासी लग रही है!"

"अच्छा," बाबा म्हणाले. समोसा हातात तसाच होता.

परतीच्या बसमध्ये मी म्हणाले, "बाबा, पुन्हा छापा ना."

"कशावरून छापू? पत्र्यावर तर रेघ ओढलीय."

पुढे बाल्कनीत एचिंगच्या सामानाच्या जागी वॉशिंग मशीन आलं. त्या कंपनीनेही नवं ऑफिस घेताना राण्या भंगारात काढल्या, असं कानावर आलं. बाबांना मी ते सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात त्याच कलाशाळेत मी त्या पत्र्यावरून एक प्रत काढून घेतली. मोठी फ्रेम मुद्दाम करून घेतली. राणीच्या तोंडावर काळीभोर रेघ, खाली उजवीकडे बाबांचं नाव शाबूत. भेटायला येणारे चित्रापुढे थांबतात.

"अरेरे, चांगलं चित्र खराब झालं," म्हणतात आणि खुर्ची ओढून बसतात. नाव अजून कुणी वाचलेलं नाही.