आठ वाजता वर जाणारा पडदा

माझं तोंड वाईट, हे आधीच कबूल करते. लेक अमेरिकेतल्या ज्या चिमुकल्या गावात नोकरी करते, त्याला मी भोचकांचं गाव म्हणायचे.

एक सिग्नल, एक पोस्ट, एक लायब्ररी, एवढंच ते गाव. तिथे एकट्या राहणाऱ्या माणसांचा एक रिवाज आहे. सकाळी आठच्या आत पुढच्या खिडकीचा पडदा वर करायचा. नाही केला, तर शेजारी येऊन दार ठोठावतात. मागच्या वर्षी मी तिच्याकडे गेले, तेव्हा मला हे ठाऊकच नव्हतं. ती पहाटेच कामाला गेली आणि मी दुबईच्या सवयीने, ऊन नको म्हणून पडदा खालीच ठेवला. सव्वाआठला दारात समोरची म्हातारी, पोस्टमन आणि आणखी दोघं! मी घाबरून पासपोर्टच पुढे केला.

मग लेकीवर तोंड सोडलं. "लोकांना काही कामधंदा नाही का? एकटी मुलगी तू. पडदा कायम बंद ठेवायचा."

"ओके आई, फाइन," ती म्हणाली.

निघताना म्हातारीने स्वतःचा नंबर कागदावर लिहून दिला. दुबईत, बर दुबई भागातल्या घरी परतल्यावर तो मी फ्रिजवर चिकटवून ठेवला.

रोज दुपारी साडेचारला लेकीचा फोन येतो. तिथली ती सकाळ, मी खाडीपलीकडे देऱ्यात ऑफिसला. त्या मंगळवारी आला नाही. मी पाच वेळा लावला, नुसती रिंग वाजत राहिली. आदल्या दिवशी तिला ताप होता. आणि मग आठवलं, पडदा! तो मीच बंद करायला लावलेला. आता ती आत पडली असली तरी कुणाला कळणार?

"इन्शाल्ला, सो गयी होगी," साहेब म्हणाले. म्हातारीचा नंबर घरी फ्रिजवर. मी पर्स उचलली आणि पळत सुटले. खाडी ओलांडणारी होडी भरेपर्यंत नावाडी यल्ला यल्ला, चला चला करत होता. घरी पोचून फ्रिजवरचा नंबर लावला. म्हातारी उचलेना. काय अक्कल पाजळलीस गं बये, म्हणत मी स्वयंपाकघरात खालीच बसले.

पुन्हा लेकीचा नंबर लावला. या वेळी उचलला.

"कुठे मेली होतीस?" मी ओरडले.

आवाज लेकीचा नव्हता.

"ती बरी आहे, आधी एवढं ऐका," समोरची म्हातारी इंग्रजीत म्हणाली. "चक्कर येऊन पडली, डोक्याला खोक पडली. डॉक्टर टाके घालताहेत. आठला पडदा वर गेला नाही, म्हणून तिने माझ्याकडे ठेवलेली किल्ली घेऊन आम्ही आत गेलो."

"पण पडदा तर बंदच असतो ना?"

"छे! रोज वर असतो."

ऐकलं नव्हतं कार्टीनं माझं. देवा, किती बरं झालं! मी ढसाढसा रडले.

मग म्हातारी म्हणाली, "आणि तुमचा पडदा कोण बघतं?"

"आहेत की शेजारी," मी म्हटलं. साफ खोटं. नवरा गेल्यापासून मी एकटीच राहते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी पडदा उघडला. समोरच्या बिल्डिंगमध्ये एकूण एका खिडकीचा पडदा बंद. मी आत पडले, तर इथे कुणाला कळणार? तशीच बाहेर येऊन शेजारच्या फ्लॅटची बेल दाबली. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

"कौन है? क्या हुआ?" आतून बाईचा घाबरलेला आवाज आला.

काहीच झालं नव्हतं. तेच सांगायला आले होते.