जावेच्या नावाचे पंधरवडे

तारीख अठरा मार्च, सोमवार. दाव्याची रक्कम रुपये एकोणचाळीस हजार नऊशे. कामगार न्यायालयात हजर: न्यायाधीश, टंकलेखक, दोन्ही बाजूंचे वकील, अर्जदार बाई, आणि जिनिंगच्या वतीने साक्षीदार म्हणून मी. शेठ हजर नव्हते. त्यांना यायची गरजही नव्हती, कारण मी गेलो होतो.

जिंतूर तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये मी बावीस वर्षं दिवाणजी होतो. कापसाच्या गाड्यांची वजनं, मजुरांची हजेरी आणि पंधरवड्याचा पगार ही माझी कामं. कापूस वेगळा होऊन रुई एकीकडे जायची, सरकी दुसरीकडे, आणि दोन्हींचा ताळेबंद माझ्या वहीत किलोपर्यंत जुळायचा. एकदा काट्यात चार किलोचा फरक आला, तर मी गाडीवाल्याला अर्ध्या रस्त्यातून परत बोलावलं होतं. तो शिव्या देत आला आणि पैसे घेऊन हसत गेला. ही गोष्ट मी लोकांना फार वेळा सांगितली आहे. आता सांगत नाही.

अर्जदार बाई बोरीच्या. एकोणीस हंगाम त्या आमच्याकडे जिनवर कापूस टाकायला होत्या. शेडमध्ये नाकातोंडात तंतू जायचे म्हणून पदर तोंडाला गुंडाळून बसायच्या. त्यांची जागा दाराकडून सातवी. मग शेठनी जिनिंग दुसऱ्या पार्टीला चालवायला दिली, नव्या पार्टीने कापूस आपोआप पडणारी यंत्रं बसवली आणि बायकांना या म्हणून निरोप गेलाच नाही. कुणीतरी बाईंना सांगितलं की इतकी वर्षं काम केलं म्हणजे ग्रॅच्युइटी मिळते. त्यांनी अर्ज केला.

हिशोब सरळ होता. हंगामी कारखान्यात दर हंगामाला सात दिवसांचा पगार. शेवटचा रोज तीनशे रुपये. सात गुणिले तीनशे, एकवीसशे. गुणिले एकोणीस, एकोणचाळीस हजार नऊशे. पण अट अशी की हंगामात कारखाना जितके दिवस चालला, त्याच्या शेकडा पंच्याहत्तर दिवस तरी हजेरी पाहिजे. आमची जिनिंग साधारण दीडशे दिवस चालायची. म्हणजे एकशे तेरा दिवस. हजेरीपटावर बाईंचे एकाही हंगामात ऐंशीच्या वर दिवस नव्हते.

ते तसे का नव्हते, हे मला माहीत होतं, कारण हजेरीपट माझ्या हातचा होता. आमच्याकडे पालट चालायचा. बाई त्याच, जागा तीच, पण एक पंधरवडा हजेरी त्यांच्या नावाने लावायची आणि पुढचा पंधरवडा जावेच्या नावाने. सगळ्याच बायकांचं असं एकेक जोडनाव होतं: कुणाची नणंद, कुणाची सून. शेठच्या वडिलांच्या काळापासूनची पद्धत. बायकांची हरकत नव्हती, कारण रोज पूर्ण मिळायचा. पगाराच्या दिवशी बाई स्वतःच्या नावापुढे सही करायच्या, त्या चौथी शिकलेल्या होत्या, आणि जावेच्या नावापुढे अंगठा. दोन्ही त्यांचंच. जाऊ जिनिंगच्या फाटकाच्या आत कधी आली नाही. ती शेतात रोजाने जायची.

उलटतपासात बाईंच्या वकिलांनी मला विचारलं, "हजेरीपट तुम्हीच लिहिला?"

"होय."

"त्यातली प्रत्येक नोंद खरी आहे?"

"होय."

"अर्जदाराची जाऊ आठ वर्षांपूर्वी माघ महिन्यात वारली. त्या हंगामात तिच्या मृत्यूनंतरही दोन पंधरवडे तिची हजेरी आहे. मेलेली बाई कामावर आली होती का?"

मी म्हणालो, "ती कधी वारली, मला माहीत नाही."

घरच्यांनी मृत्यूची नोंद केलेली नव्हती. कागद नव्हता. वकील दोनदा विचारून खाली बसले. मला माहीत नाही म्हणालो, पण त्या जावेच्या जलदान विधीला मी बोरीच्या विहाराजवळच्या मांडवात बसून जेवून आलो होतो. बुंदी होती. बाईंनीच वाढली होती. साक्ष देताना मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. न्यायाधीशांच्या मागच्या घड्याळाकडे पाहिलं. अंगठा तपासून घेतला असता तर एका दिवसात खरंखोटं झालं असतं. तेही मला सुचलं होतं. बोलून दाखवलं नाही.

बाहेर आल्यावर टपरीवर चहा घेत होतो. बाई आल्या. मी सरकून जागा दिली. त्या बसल्या नाहीत.

"दिवाणजी, बुंदी कशी होती?" एवढं विचारलं आणि एसटी स्टँडकडे गेल्या.

शेठनी मला धमकी दिली नव्हती, हे लिहून ठेवलं पाहिजे. माझीही ग्रॅच्युइटी त्यांच्याकडे होती. मी बारमाही नोकर, माझा हिशोब वेगळा. पगार अठरा हजार दोनशे. भागिले सव्वीस, सातशे रुपये रोज. गुणिले पंधरा, गुणिले बावीस, दोन लाख एकतीस हजार. शेठ इतकंच म्हणाले होते, "कोर्टाचं निपटू द्या, मग तुमचं बघू." साक्षीनंतर आठव्या दिवशी चेक आला. एक रुपया कमी नाही. त्याच पैशात आम्ही घरावर स्लॅब टाकला. पत्रे निघाले, उन्हाळ्यात घर गार राहू लागलं. दुपारी आडवा झालो की वर बघवत नाही, म्हणून मी कुशीवर झोपतो.

जूनमध्ये निकाल लागला. अर्ज नामंजूर. निकालात माझ्याबद्दल एक ओळ आहे: साक्षीदाराची साक्ष विश्वासार्ह वाटते. शेठच्या वकिलांनी फोनवर वाचून दाखवली. अभिनंदन म्हणाले.

आता वहीबद्दल. पालट लिहायला लागलो तेव्हा मला त्रास व्हायचा. खोटं म्हणून नव्हे. दोन नावांनी लिहिलं की जागेवर खरं कोण होतं हे पुढे समजणार नाही, हिशोब आंधळा होईल, म्हणून. म्हणून मी दर हंगामाला एक लाल पुठ्ठ्याची वही घालायचो आणि रोज संध्याकाळी खरी हजेरी त्यात लिहायचो. सातव्या जागेपुढे एकच नाव. एकशे एकेचाळीस दिवस. एकशे अडतीस दिवस. एका वर्षी पुरे एकशे पन्नास. बावीस हंगामांच्या बावीस वह्या, त्यातल्या एकोणीस वह्यांत बाई, घरच्या कपाटात, खालच्या खणात, तारखेप्रमाणे लावलेल्या. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी खोटं लिहिलेलं नाही, खरं माझ्याकडे लिहून ठेवलेलं आहे. शपथ घेतानाही मनात हेच होतं. आपल्याकडे खरं आहे, मग कोर्टात काय बोललो याने काय बिघडतं.

बायको कपाट आवरताना म्हणाली, "ह्या रद्दीत घालायच्या का?"

"नको."

"मग कुणाला दाखवायच्या आहेत?"

मी खालचा खण लावून घेतला. ती म्हणाली, "निकाल लागला तेव्हापासून तुम्ही दिवस मोजायलात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं टिकल्या हायत. मला दिसत नाहीत का?"

खरं होतं. अपिलाला साठ दिवसांची मुदत असते. त्या दिवशी अठ्ठेचाळिसावा होता. साठ कधी होतात याची मी वाट पाहत होतो. मुदत गेली की वह्यांचा उपयोगच उरणार नाही, आणि मग मला काही ठरवावं लागणार नाही. हे बायकोला सांगितलं नाही. तिला समजलं होतं.

बावन्नाव्या दिवशी बँकेतून एकोणचाळीस हजार नऊशे काढले आणि बोरीला बाईंच्या घरी गेलो. वह्या नेल्या नाहीत. ओसरीवर बाई आणि त्यांचा थोरला मुलगा बसले होते. तो शाळेत शिक्षक आहे. मुलाने पाणी आणून दिलं आणि आत निघून गेला.

मी पाकीट पुढे ठेवलं. रक्कम सांगितली.

बाई म्हणाल्या, "शेठनं दिले?"

"नाही. माझे आहेत."

"तुमचे मी कशाला घेऊ? तुमच्या घरी मी धुणं धुतलं का?"

"तुमचा हक्क बुडाला, म्हणून."

"मग ज्यानं बुडवला त्याच्याकडून येऊ द्या. पाकीट उचला दिवाणजी, लेकरं इकडंतिकडं करत्यात, एखादी नोट कमी भरली तर रात्री झोप येणार न्हाई तुमाला."

मी पाकीट उचललं. मग लाल वह्यांचं सांगितलं. कधीपासून लिहिल्या, कशा लिहिल्या, किती दिवस भरतात. बोलता बोलता मला थोडं बरं वाटू लागलं. माणूस चांगलं काम सांगताना जसा बोलतो, तसं मी बोलत होतो.

त्या ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "रोज लिव्हायचे?"

"रोज."

"जाऊ मेल्यावरबी?"

"हो. तेव्हाही तुमचंच नाव लिहिलं आहे."

"लय चांगलं केलं. मंग वाचून कुणाला दावलं?"

मी पाकीट खिशात घातलं. त्याच पुढे म्हणाल्या, "माझं म्हणणं, पैसे आले काय, न्हाई आले काय. पोरगा कमवायलाय. पण त्या कागदावर आलंय की मी अर्धा हंगाम घरी बसले. एकोणीस वर्षं नाकातून रुई काढली मी. ते पुसून आणा."

दुसऱ्या दिवशी मी पोत्यात वह्या घातल्या आणि त्यांच्या वकिलांकडे गेलो. वकिलांनी तीन हंगाम चाळले, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे आधी आणलं असतं तर अपिलाची वेळ आली नसती. आता तुम्हाला प्रतिज्ञापत्र करावं लागेल, की आधीची साक्ष खोटी होती. खोट्या साक्षीला शिक्षा आहे, हे माहीत आहे ना?"

"माहीत आहे. किती?"

"सात वर्षांपर्यंत."

मी सही केली. सही वाकडी आली. दुसरी करू का विचारलं, तर म्हणाले, चालते.

अपील अठ्ठावन्नाव्या दिवशी दाखल झालं. वह्यांच्या नकला दुसऱ्या बाजूला गेल्या, त्या संध्याकाळी शेठचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता.

"दिवाणजी, तुमचे पैसे पोचले होते ना?"

"पोचले."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"मग माझं काय चुकलं, तेवढं सांगा."

जे मला अजून स्वतःलाच सांगायचं होतं, ते त्यांना काय सांगणार? ते म्हणाले, "पद्धत माझ्या वडिलांची, अक्षर तुमचं," आणि फोन ठेवला. त्यात खोटं काही नव्हतं.

एका बाईची रक्कम चाळीस हजारांच्या आत होती. पण वह्यांमध्ये दाराकडून पहिल्या जागेपासून बाविसाव्या जागेपर्यंत सगळ्यांची खरी हजेरी होती. शेठच्या वकिलांनी ते लगेच ओळखलं आणि तडजोडीचा निरोप आला: रक्कम पूर्ण देतो, व्याज नाही, बाईंनी अपील काढून घ्यावं आणि प्रतिज्ञापत्र व वह्या कोर्टापुढे वाचल्या जाऊ नयेत.

मुलाने आईला समजावलं. व्याजासाठी आणि एका ओळीसाठी आणखी चार वर्षं जातील, तुझं वय सदुसष्ट. बाई दोन दिवसांनी हो म्हणाल्या. माझं प्रतिज्ञापत्र आणि वह्या वकिलांनी मला परत दिल्या. मला शिक्षा झाली नाही, कुणी विचारलंही नाही. जूनचा निकाल आहे तसाच आहे. त्यात बाई अजून अर्धा हंगाम घरी बसतात आणि मी विश्वासार्ह आहे. त्यांनी मागितलं होतं ते पुसणं राहिलंच. पहिल्याच दिवशी खरं बोललो असतो तर लिहिलंच गेलं नसतं. बाकीच्या एकवीस जागांच्या बायकांपैकी अकरा जणींची घरं मला माहीत आहेत. त्यांच्यापैकी दोघींकडे जाऊन आलो. एक वारली आहे. दुसरी म्हणाली, कोर्ट नको बाबा. उरलेल्यांकडे जायचं आहे. वह्या मी परत कपाटात ठेवलेल्या नाहीत, समोरच्या खोलीत टेबलावर ठेवल्या आहेत.

चेकच्या दिवशी बाईंना सोबत म्हणून मीही गेलो. मुलाला शाळा होती. एसटीत त्यांनी कंडक्टरला सांगितलं, "माझं अर्धं, ह्यांचं फुल. ह्यांचं फुल काढा, नायतर पुन्हा अर्धं लिव्हतील." कंडक्टर हसला. आपण कशावर हसलो ते त्याला माहीत नव्हतं. दोन्ही तिकिटांचे पैसे मी दिले आणि खिडकीबाहेर बघत राहिलो. सोयाबीन निघालेली रानं होती, मध्येच कुठे कापूस फुटलेला.

परत येताना बोरीच्या फाट्यावर उतरलो. त्यांनी कनवटीची पिशवी सोडली, नोटा मोजल्या आणि माझ्यापुढे धरल्या.

"हे काय?"

"तुमचं जाण्यायेण्याचं. आज तुमी माझ्याकडून आला होता ना?"

"नको. मी घेणार नाही."

"शेठकडून गेला तवा घेतले होते का?"

घेतले होते. मार्चच्या त्या सोमवारी साक्षीदाराचा खर्च म्हणून जिनिंगने मला पाचशे रुपये दिले होते आणि मी व्हाउचरवर सही केली होती. मी हात पुढे केला.

जिनिंगने बाईंना चेकने दिले: एकोणचाळीस हजार नऊशे. व्याज: काही नाही. बाईंनी मला रोख दिले: एकशे पन्नास.